कॉन्सेप्ट-टू रोअर्ग : वजनं उचलणाऱ्याच्या नजरेतून

रोअर्ग हे रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामाचं यंत्र. अशा मशीनची परीक्षणं सहसा दोन प्रकारची माणसं लिहितात. एक, पाण्यात नाव वल्हवणारे खेळाडू. दुसरे, ज्यांना नुसता घाम काढायचाय. आठवड्यातून तीन-चार दिवस स्क्वॉट-डेडलिफ्ट (खांद्यावर बार घेऊन उठबस आणि जमिनीवरून बार उचलणं) करणारा, स्नायू राखून चरबी उतरवायला निघालेला माणूस यांपैकी कोणातच बसत नाही. त्याला एकच गोष्ट हवी असते: दम वाढावा, चरबी उतरावी, आणि बारबेलवरचं वजन मात्र खाली येऊ नये. हे परीक्षण त्याच्यासाठी आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. यंत्र मजबूत आहे, मोजमाप विश्वासार्ह आहे (एक आकडा सोडून, त्याबद्दल पुढे), गुडघ्यांवर आदळआपट नाही. पण याची वसुली कंबरेकडून होते, आणि डेडलिफ्ट करणाऱ्याची कंबर आधीच कामाला लागलेली असते.

कॉन्सेप्ट-टू ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली कंपनी. ड्रायसिगॅकर बंधूंनी १९७६ मध्ये वल्ही बनवण्यापासून सुरुवात केली, आणि १९८१ साली पहिलं रोइंग मशीन काढलं. आज 'रोअर्ग' नावानं मिळतं ते पूर्वीचं 'मॉडेल डी'. २०२१ मध्ये फक्त नाव बदललं. वजन साधारण २६ किलो, लांबी २४४ सेंटिमीटर, आणि आरामात वापरायला सुमारे २७५ बाय १२० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. मधला खटका सोडला की पाना-पकड न लावता त्याचे दोन तुकडे होतात. सीट जमिनीपासून ३६ सेंटिमीटरवर, म्हणजे बरीच खाली आहे. पायांच्या जड व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी तिथून उठताना माणूस आधार शोधतो. उंच पायांची आवृत्तीही मिळते, तिची सीट ५१ सेंटिमीटरवर असते. गुडघ्यांची तक्रार असेल तर तीच घ्यावी.

आता डॅम्पर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दलच आहे. हँडल ओढलं की मशीनच्या पुढचा पंखा फिरतो. त्याच्या पिंजऱ्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांची एक दांडी असते. व्यायामशाळेतला माणूस बसतो आणि पहिलं काम म्हणजे ती १० वर नेतो. वजनाच्या मशीनची खीळ सगळ्यात खाली लावावी तसं. पण हा आकडा वजनाचा नाही. पिंजऱ्यात किती हवा शिरू द्यायची एवढंच ती दांडी ठरवते. सायकलच्या गिअरशी तुलना बरोबर बसते. १० वर पंखा दोन स्ट्रोकच्या (एक स्ट्रोक म्हणजे एकदा ओढून परत येणं) मध्ये लवकर मंदावतो, म्हणून प्रत्येक ओढ जड आणि संथ लागते. ३-४ वर पंखा फिरता राहतो आणि ओढ हलकी पण चपळ लागते. मेहनत किती झाली हे मात्र तुम्ही किती जोरानं ओढलंत त्यावरच ठरतं. मॉनिटर प्रत्येक स्ट्रोकनंतर पंखा कसा मंदावतोय ते मोजून हिशेब नव्यानं करतो, त्यामुळे दांडी वर नेऊन गुण वाढत नाहीत.

वजनं उचलणाऱ्यानं डॅम्पर ३ ते ५ मध्येच ठेवावा. १० वर हृदय आणि फुप्फुसं थकण्याआधी कंबर आणि पकड थकते, म्हणजे ज्यासाठी बसलात ते कार्डिओ (दमाचा व्यायाम) राहतं बाजूला, आणि हाती उरतो हलक्या वजनाच्या डेडलिफ्टचा एक न संपणारा सेट (सलग केलेल्या उचलींचा गट). दांडीच्या आकड्यापेक्षा अचूक गोष्ट म्हणजे ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला हवेचा प्रत्यक्षात किती अडथळा होतोय ते सांगणारा आकडा. मॉनिटरवर 'मोअर ऑप्शन्स'मध्ये 'डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर' निवडा आणि दहाएक स्ट्रोक ओढा. आकडा ११० ते १३० च्या दरम्यान आला की दांडी तिथेच राहू द्या. दुसऱ्या व्यायामशाळेतल्या मशीनवर तोच आकडा वेगळ्या खाचेत सापडेल. जाळीत धूळ साचली की हवा कमी शिरते आणि एकाच खाचेवर ड्रॅग उतरतो. 'त्या कोपऱ्यातलं मशीन हलकं आहे' असं लोक म्हणतात ते याच कारणानं.

पीएम-५ हा मॉनिटर २०१४ पासून येतो. दिसायला जुनाट, रंगीत पडदा नाही, व्हिडिओ नाहीत, ओरडून प्रोत्साहन देणारा प्रशिक्षक नाही. याच कारणानं तो आवडतो. ब्लूटूथ आणि अँट-प्लस या दोन्ही बिनतारी जोडण्या असल्यानं छातीचा हृदयगती-पट्टा लगेच जोडता येतो. पट्टा छातीचाच घ्या. हँडल धरून मनगट सतत ताणलेलं असतं, त्यामुळे मनगटी घड्याळं इथे वाटेल ते आकडे दाखवतात.

पडद्यावरचा मुख्य आकडा म्हणजे 'स्प्लिट': या वेगानं ५०० मीटरला किती वेळ लागेल ते. इथे एक गणित डोक्यात पक्कं असावं. ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २:३० च्या स्प्लिटला साधारण १०४ वॅट लागतात, २:१५ ला १४२, २:०० ला २०३ आणि १:५० ला २६३. म्हणजे २:३० वरून २:०० वर येताना वेळ फक्त एक पंचमांश कमी होते, पण मेहनत जवळपास दुप्पट होते. म्हणूनच 'आज जरा दहा सेकंदांनी वेगात मारू' हा विचार वरवर किरकोळ आणि प्रत्यक्षात महाग असतो. सोपं कार्डिओ बघता बघता कठीण होतं, आणि दुसऱ्या दिवशी स्क्वॉटचा तिसरा सेट पूर्ण होत नाही तेव्हा दोष झोपेला दिला जातो. पडदा वॅटवर ठेवा. वजनांची सवय असलेल्या डोक्याला ती भाषा पटकन कळते आणि फसवणूक होत नाही.

आता तो एक आकडा: कॅलरी. मॉनिटरला तुमचं वजन माहीत नसतं. तो सगळ्यांना १७५ पौंडांचं, म्हणजे सुमारे ७९ किलोचं धरतो. सूत्र असं: ताशी कॅलरी म्हणजे वॅट गुणिले ३.४४, अधिक ३००. हे ३०० म्हणजे ७९ किलोचं शरीर रुळावर नुसतं पुढे-मागे नेण्याचा खर्च. स्वतःचा आकडा काढायचा तर ते ३०० वजा करा आणि त्याऐवजी आपलं वजन किलोमध्ये गुणिले ३.७८ एवढे मिळवा.

उदाहरण घेऊ. ६० किलोची व्यक्ती अर्धा तास २:३० च्या स्प्लिटनं ओढते. ६००० मीटर होतात. पडद्यावर दिसतं ३२८. दुरुस्ती केली की २९२. त्यातही अर्धा तास स्वस्थ बसून खर्च झाल्याच असत्या अशा ३० च्या आसपास कॅलरी आहेत. खरी जादा कमाई २६० च्या घरात. पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा ॲपमध्ये भरून 'तेवढं खायला मोकळे' झालात, तर दर वेळी पासष्ट-सत्तर कॅलरींचा फरक पडतो. तोही जर तुम्ही मध्ये थांबला नाहीत तर. त्यात भर म्हणजे दमदार कार्डिओनंतर माणूस नकळत उरलेला दिवस कमी हलतो. म्हणून आमचा सल्ला: मशीनवरच्या कॅलरी आहाराच्या हिशेबात धरूच नका. आहारातली तूट ताटात ठरवा, दिवसाला ३०० ते ५०० कॅलरींची; रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी काढा आणि ती दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरतेय ना ते बघा. त्याहून वेगानं उतरत असेल तर स्नायूही जाताहेत असा संशय घ्यायला हरकत नाही. पहिला आठवडा मात्र सोडून द्या, त्यात पाण्याचाच खेळ जास्त असतो.

कंबरेकडे येऊ. मिनिटाला २० स्ट्रोक या संथ गतीनं अर्धा तास म्हणजे ६०० स्ट्रोक. ६०० वेळा धड पुढे झुकतं आणि ६०० वेळा मागे येतं. प्रत्येक वेळचं ओझं डेडलिफ्टच्या मानानं क्षुल्लक, पण आकडा ६०० आहे. पद्धत चुकली तर ही बेरीज कण्याजवळच्या स्नायूंच्या नावावर चढते.

बरोबर क्रम असा: आधी पाय ढकलायचे, ते जवळपास सरळ झाले की धड नितंबांच्या सांध्यातून थोडं मागे न्यायचं, शेवटी हात खेचून हँडल छातीच्या फासळ्यांच्या खालच्या टोकाशी आणायचं. परतताना नेमकं उलटं: हात, धड, मग गुडघे. ओढायला एक वेळ लागत असेल तर परतायला दोन. बहुतेकांचं परतणंच घाईचं असतं. सीट धाडकन पुढे येते, आणि विश्रांतीचा जो सेकंद फुकट मिळणार होता तो जातो.

वजनं उचलणाऱ्यांची एक चूक ठरलेली. पायांनी ढकलल्याबरोबर सीट मागे पळते, पण हँडल जागेवरच राहतं. म्हणजे पाय संपले, नितंब मागे गेले आणि आता सगळी ओढ वाकलेल्या पाठीनं करायची. डेडलिफ्टमध्ये बार उचलण्याआधीच नितंब वर उडतात ना, अगदी तीच चूक, फक्त आडवी. उपायही तोच: ओढ सुरू होण्याआधी पोट आवळा, हात सरळ ठेवा, आणि सीट व हँडल एकाच क्षणी हलतात का ते बाजूनं मोबाइलवर चित्रित करून बघा. दुसरी चूक म्हणजे फार पुढे येणं. नडगी उभी झाली की थांबायचं. त्यापुढे गेलं की कंबरेचा खालचा भाग गोल होतो. पायाचा पट्टा पंजाच्या सर्वांत रुंद भागावरून जायला हवा. तो घोट्याकडे सरकलेला असेल तर टाच उचलत नाही आणि शरीर ती लवचीकता कंबरेतून भरून काढतं. पावलं ठेवायच्या टेकूची उंची समायोजित करायच्या भोकांचा उपयोग करा. लोक महिनोन्‌महिने आधीच्या माणसाच्या मापावर ओढत राहतात.

हँडल बोटांच्या हुकात अडकवायचं, मुठीत आवळायचं नाही. मुठीत आवळलं तर डेडलिफ्टचे घट्टे इथे सोलून निघतात, आणि पकड इतकी थकते की पुल-अप्सना हात साथ देत नाहीत.

स्नायूंच्या वाढीत कार्डिओ किती आड येतं, हा मूळ प्रश्न. त्याची भीती १९८० च्या रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगापासून चालत आली आहे. दहा आठवडे ताकद आणि दम दोन्हींचा सराव करणाऱ्या गटाची पायांची ताकद सातएक आठवडे वाढली, मग अडली आणि शेवटी उतरली. पण त्या गटाचं वेळापत्रक बघितलं की भीती ओसरते: आठवड्यात पाच दिवस ताकद आणि सहा दिवस चाळीस-चाळीस मिनिटांचं जीव तोडून कार्डिओ. असं कोणी करत नाही, करूही नये. २०२२ साली 'स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात स्नायूंचा आकार आणि कमाल ताकद यांवर जोड-व्यायामाचा (ताकद आणि दम दोन्हींच्या सरावाचा) लक्षणीय तोटा दिसला नाही; स्फोटक ताकदीवर दिसला, आणि तो दोन्ही एकाच सत्रात उरकल्यावर जास्त. थोडक्यात, प्रश्न कार्डिओ असावं की नाही हा नाही. ते किती, केव्हा आणि कोणत्या अवयवाच्या जिवावर, हा आहे.

या बाबतीत रोअर्गची एक जमेची बाजू खरोखर मोठी आहे. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणले जात असताना भार झेलतात, आणि दुखणं नेमकं त्यातूनच येतं. रोइंगमध्ये परतीचा प्रवास जवळजवळ विनाभार असतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मांड्या जड वाटतील, पण जिना उतरताना कळ येणार नाही.

आठवड्याची मांडणी एका नमुन्यावरून बघा. सोमवारी स्क्वॉट, मंगळवारी वरचं शरीर, गुरुवारी डेडलिफ्ट, शुक्रवारी पुन्हा वरचं शरीर, असं चार दिवसांचं वेळापत्रक धरू. मंगळवारी वजनं संपल्यावर २५-३० मिनिटं सोपं रोइंग. बुधवार रिकामा, कारण गुरुवारच्या डेडलिफ्टला ताजी कंबर हवी. शुक्रवारी मशीनकडे बघायचंही नाही. हवं तर चाला. शनिवारी ३०-४० मिनिटं सोपं. तिसरं सत्र खरंच हवं असेल तर ते सोमवारी संध्याकाळी, स्क्वॉटनंतर किमान सहा तासांनी: १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, असं सहा वेळा. पायांचा दिवस आहेच, त्यात अजून थोडं. म्हणजे इतर दिवस खरोखर विश्रांतीचे राहतात. वजनांच्या आधी पाच मिनिटं शरीर गरम करायला रोइंग चालेल, वीस मिनिटं नाही.

'सोपं' म्हणजे किती? पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे, स्ट्रोक मिनिटाला १८ ते २२, हृदयगती कमाल गतीच्या ६० ते ७० टक्क्यांत. नवख्याला हे ८०-१०० वॅटवर मिळेल आणि त्याला लाज वाटेल. वाटू द्या. सुरुवात आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांनी करा, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा, वॅट तेच ठेवा. महिन्याभरानं त्याच वॅटला हृदयगती खाली आलेली दिसली की समजा, दम वाढतोय.

आणि बिघडायला लागलं की कसं ओळखायचं? मुख्य उचलींमध्ये त्याच वजनाला सलग दोन आठवडे रेप्स (एका सेटमध्ये होणाऱ्या उचली) घटल्या, तर आधी जोराचं सत्र काढा. मग सोप्या सत्रांची लांबी कमी करा. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे किमान १.६ ग्रॅम होताहेत का आणि झोप पुरी होतेय का ते तपासा. बारबेलवरचं वजन घटवणं सर्वांत शेवटी. चरबी उतरवताना 'हलकी वजनं, जास्त रेप्स' हा जो सल्ला फिरतो, त्यानं स्नायूला टिकून राहायचं कारणच उरत नाही. जड वजन तसंच ठेवा, हवं तर एखादा सेट कमी करा.

जाहिरातींत रोइंगला 'संपूर्ण शरीराचा व्यायाम' म्हणतात. पाय, पाठ, दंडाचा पुढचा भाग, ठीक. छाती, खांद्याचा पुढचा भाग आणि दंडाचा मागचा भाग जवळपास बसून असतात. आणि जिथे काम होतं तिथेही शेकडो हलक्या स्ट्रोकनी स्नायू वाढत नाही. हे वजनांच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

उणिवा. सीट कडक आहे. वीस मिनिटांनंतर बसण्याची हाडं जाणवतात, काहींच्या मांड्यांना मुंग्या येतात. पातळ गादी चालते, जाड गादीनं उंची बदलते आणि ओढीचा कोन बिघडतो. पंधराव्या मिनिटाला अर्धा मिनिट उभं राहणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आवाजही आहे, पंखा हवा कापतो, आणि जितकं जोरात ओढाल तितका गरजतो. दुसऱ्या खोलीत कोणी झोपलं असेल तर जोराचं सत्र विसरा.

देखभाल फारशी नाही, पण आहे ती टाळू नये. रूळ प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्यानं पुसा. सीटच्या चाकांखाली काळी घाण साचली की सीट खडखडायला लागते आणि लोकांना वाटतं बेअरिंग गेलं. साखळीला दर ५० तासांच्या वापरानंतर हलकं खनिज तेल, कागदावर घेऊन पुसल्यासारखं. गंज सोडवणारे फवारे साखळीवर मारू नका. मग पिंजऱ्यातली धूळ. ती व्हॅक्यूमनं काढली की ड्रॅग फॅक्टर पुन्हा जागेवर येतो.

कोणी घेऊ नये तेही सांगायला हवं. आठवड्यातून दोनदा डेडलिफ्ट आणि शिवाय बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं) करणाऱ्याला, किंवा कंबर अधूनमधून धरणाऱ्याला, हेच कार्डिओ सायकलवर जास्त सोयीचं पडेल; तिथे धड आधारावर राहतं. याच कंपनीची त्याच पंख्याची आणि त्याच मॉनिटरची बाइकअर्ग आहे. पॅडलवर पायांशिवाय कोणाला काम नाही, त्यामुळे आठवडा आखणं सोपं जातं. चढ लावलेल्या ट्रेडमिलवर चालणंही चांगलं. ज्यांचा स्क्वॉट जड आणि डेडलिफ्ट हलकी, त्यांना मात्र रोअर्गच योग्य.

जुनं मशीन घेणार असाल तर चार गोष्टी जागेवरच तपासा. साखळी पूर्ण बाहेर ओढून कडी-कडी बोटांतून सरकवा; ताठ झालेली कडी लगेच हाताला लागते. हँडल सोडत परत नेताना साखळी सैल लोंबकळली तर आतला रबरी दोर ढिला पडलाय. तो ताणता येतो, पण किंमत ठरवताना बोलून घ्या. रूळावर बोट फिरवून स्टीलच्या पट्टीवर खड्डे आहेत का बघा. आणि डॅम्पर १० वर नेऊन ड्रॅग फॅक्टर वाचा. स्वच्छ मशीन २०० च्या आसपास दाखवतं. १५० वर अडकलं असेल तर मशीन खराब नाही, जाळी तुंबलेली आहे, आणि आधीच्या मालकानं बाकीच्या देखभालीचं काय केलं असेल याचा अंदाज त्यावरून बांधा.